सारा बेटावरचे पाच फटके

स्ट्रॅहन बंदरातून रोज सकाळी आमची बोट सुटते. आधी सारा बेट, मग गॉर्डन नदीवरचं जंगल, संध्याकाळच्या आत परत. बोट माझी. ती चालवते माझी लेक लिओनी, दोरखंड सांभाळतो जावई गार्थ. बेटावरच्या पडक्या तुरुंगात जुन्या कैद्यांची गोष्ट सांगते मी. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण कुठल्या भिंतीपाशी कुणाची पाठ सोलली, ते मला विचारा.

गोष्टीत चाबकाचा खेळ असतो. एखादा प्रवासी कैदी होतो, गार्थ लोकरीच्या चाबकाने मारल्यासारखं करतो आणि बाकीचे माझ्या इशाऱ्यावर मोठ्याने आकडे म्हणतात. लोक पोट धरून हसतात.

त्या दिवशी गार्थ म्हणाला, "आज कैदी माझी बायको."

लिओनीचा चेहरा उतरला. सकाळीच तिने त्याला सांगितलं होतं, मी तुला सोडून कायमची हॉबार्ट शहरात चालले. मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "उभी राहा गं, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"एक!" लोक ओरडले. "दोन!"

लोकरीचा असा आवाज होत नाही. त्याच्या हातात बोट बांधायचा ओला दोर होता, गाठी मारलेला.

"तीन!" तिच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल रेघ उमटली.

"थांब रे मेल्या!" मी किंचाळले. लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच.

"चार!" लिओनी गुडघ्यांवर आली. "पाच!" मोजायला मीच शिकवलं होतं ना त्यांना.

पडक्या भिंतीतली, कैद्यांनी भाजलेली एक वीट मी उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं ऐकू आलं. त्याने डाव्या हाताने माझा गळा आवळला. "म्हातारे, तुलाही दाखवतो!" तीच वीट मी त्याच्या जबड्यावर हाणली. तो कोसळला, दोन दात थुंकला.

टाळ्या पडल्या. एक बाई म्हणाली, "अगंबाई, रक्त किती खरं वाटतंय!"

"खरंच आहे ते," मी म्हटलं. टाळ्या थांबल्या.

याआधी तीनदा लिओनी सुजलेलं तोंड घेऊन माझ्या दारात आली होती. बंदरावर लोक काय म्हणतील, म्हणून तीनदा मी तिला परत धाडलं. दर वेळी तिनेच त्याची माफी मागितली. त्यामुळे आता ती त्याच्यावर वाकली, तेव्हा मला वाटलं, पुन्हा माफीच मागणार.

तिने त्याच्या पट्ट्याचा वायरलेस काढला. पोलिसांना त्याचं नाव सांगितलं, स्वतःचंही.

"लिओनी, ए... हात मोडलाय गं माझा."

"मोडू दे."

पोलिसांची बोट येईपर्यंत दोन दांडगे प्रवासी त्याच्या अंगावर बसून होते. त्याला नेल्यावर लिओनी उठली. "चला, जंगल राहिलंय अजून."

पाठ टेकवेना, म्हणून ती उभ्यानेच बोट हाकत होती. मी ओलं फडकं तिच्या पाठीवर ठेवलं. "माझ्याकडे ये राहायला. वरची खोली रिकामी करते."

"नको, आई. मी हॉबार्टलाच जाणार. तुझं दार तीनदा बघून झालंय."

मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. पण तेवढं ऐकून घेतलं. नदीच्या काळ्या पाण्यावर दोन्ही तीरांची झाडं वाकली होती. मी फडकं पिळलं आणि पुन्हा तिच्या पाठीवर ठेवलं.