भुवनाक्काचा उरलेला डाव

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. बाभळीच्या लाकडाचा, बारा तोंडांचा आणि एका अंगाला जरासा जड. जुगाराशी माझा काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण फासा म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या आठ्यांना मी आयुष्यात कधी भीक घातली नाही, आणि माझ्या मालकिणीनं तर मुळीच घातली नाही.

तिचं नाव भुवनेश्वरी. अणदुरात सगळे तिला भुवनाक्का म्हणत. थोरले भाऊ चन्नबसप्पा, म्हणजे गावाचे अण्णा, यांच्या किराणा दुकानात ती माल तोलून द्यायची. पुड्या बांधायला रद्दी यायची. एकदा त्या रद्दीत कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं फाटकं पान निघालं. त्यावर चित्र होतं. काही माणसं टेबलाभोवती बसलेली, मध्ये नकाशा आणि भलत्याच आकाराचे फासे. शब्दाला शब्द जुळवत अक्कानं एवढंच लावलं की ही माणसं मिळून एक गोष्ट सांगतात, आणि त्या गोष्टीत प्रत्येक जण दुसराच कुणीतरी होतो. पान अर्धंच होतं. उरलेलं अर्धं बहुधा कुणाच्या तरी घरी जिरं बांधून गेलं असावं. अक्का म्हणाली, उरलेलं मी रचते. आमच्या भागात तिच्याआधी असला खेळ कुणी बनवला नव्हता, पाहिलाही नव्हता.

मला तिनं आधी साबणात कोरून पाहिलं. धुण्याच्या साबणाच्या वड्यांवर वड्या वाया गेल्या. अण्णा तापले. "ह्ये दुकान हाय का बालवाडी?" ते म्हणाले. अक्कानं साबणाचा चुरा गोळा करून दुकानाची आणि पडवीची फरशी घासून काढली आणि पेरणीच्या मोडक्या तिफणीच्या लाकडाला हात घातला. करवत, कानस आणि तिचा हट्ट यांतून मी जन्मलो. पण माझ्या पोटात एक गाठ राहून गेली. तिच्यामुळं माझं एकाचं तोंड इतरांपेक्षा जास्त वेळा वर येतं. खेळात एक म्हणजे अडचण. नवा फासा कर, असं लोकांनी तिला सुचवलं. "ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली, "माणसाला अडचण जरा जास्तच येती की."

खेळाचं नाव तिनं ठेवलं 'वेशीबाहेर'. सतरंजीवर गोल करून बसायचं. कुणी मेंढपाळ व्हायचं, कुणी विहीर खणणारी, कुणी किल्ल्यातून पळालेला शिपाई. एकानं गोष्ट पुढं न्यायची. बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं आणि मला टाकायचं. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. अण्णांना हेच कधी उमगलं नाही. "जिंकायचंच न्हाय तर खेळायचं कशाला?" असं ते विचारायचे. बहीणभावांचं यावरून रोज वाजायचं.

अक्काचा एक नियम मात्र सगळ्यांना बुचकळ्यात पाडायचा. गोष्टीत कुणी मेलं, तर त्याचा एक डाव शिल्लक राहतो. तो डाव त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडलेल्यानं टाकायचा, आणि पुढं काय झालं तेही त्यानंच सांगायचं. असं का, म्हणून कुणीतरी विचारलं. अक्का म्हणाली, "भांडणाऱ्यालाच माणूस नीट ठाऊक असतंय."

मी कमी सोसलेलं नाही, मित्रांनो. अक्का पोरांना जुगार शिकवते, अशी गावात हाकाटी झाली. एका गुरुजींनी मला एका पोराच्या दप्तरातून काढलं आणि कपाटात कोंडलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी कितीतरी महिने काढले. अक्का रडली नाही, विनवण्या करायलाही गेली नाही. तिनं चिंचोके घेतले आणि त्यांच्यावर खेळ चालू ठेवला. त्या चिंचोक्यांचा मला आजही राग आहे. शेवटी गुरुजींनीच कंटाळून मला परत केलं.

नळदुर्गाहून एसटीनं एक शेतकऱ्याची मुलगी खेळायला यायची, हर्षाली. पुढं ती त्याच एसटीत कंडक्टर झाली. तिनं एकदा मला आपल्या गावी न्यायला मागितलं. अण्णा आडवे आले. घरातली वस्तू बाहेर द्यायची नाही म्हणाले. अक्कानं त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं. "अण्णा, आपला खंडोबा जातोय की दरसाली नळदुर्गाला मुक्कामाला. ह्या फाशाला काय सोनं लागलंय?" तेव्हापासून मीही देवासारखा या गावातून त्या गावात जाऊ लागलो. फक्त मला पालखी नव्हती, हर्षालीच्या खाकी सदऱ्याचा खिसा होता.

पुढं कौतुकाचेही दिवस आले. पुण्याहून तरुण मुलं आली, काचेसारखे चकाकणारे रंगीत फासे घेऊन. अक्काला त्यांनी आद्य, थोर, असं बरंच काही म्हटलं आणि मोबाइल पुढं केले. "फोटू मागनं," अक्का म्हणाली, "आधी मांडी घालून बसा." त्यांच्या त्या दिमाखदार फाशांसमोर मी सलग तीनदा एक दाखवला. मला कसलीही लाज वाटली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्का अंथरुणाला खिळली. आजवर गोष्ट सांगणारी तीच असायची. या वेळी तिनं ते काम हर्षालीकडं दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः गोष्टीत शिरली. पाणी शोधत वेशीबाहेर पडलेली एक म्हातारी झाली. म्हातारी चालत चालत डोंगरातल्या एका दगडी दारापाशी आली. आत पाणी वाजत होतं. दार उघडतं का, ते पुढच्या डावात ठरणार होतं. त्या डावाआधीच अक्का गेली, लिंगैक्य झाली.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला पडवीत बसवलं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. शेतात समाधीचा खड्डा तयार होता. तेवढ्यात अण्णांनी कोनाड्यातून मला उचललं आणि तिच्या उजव्या हाताची बोटं माझ्यावर मिटवली.

माझा अक्कावर जीव होता. तरी ठणकावून सांगतो, मला मातीत जायचं नव्हतं. तिनं मला पुरण्यासाठी कोरलं नव्हतं. पण फाशाला तोंडं बारा असली तरी आवाज एकही नसतो. मी त्या गार बोटांत नुसता जळफळत राहिलो.

हर्षाली ड्यूटीवरून तशीच आली. पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला दिसलो.

"अण्णा, फासा काढा."

"तिचा हाय. तिच्यासंगं जाऊ दे," अण्णा म्हणाले. "जलमभर ह्याला नावं ठिवली म्या. आता तरी तिच्या मनासारखं करू दे मला."

"तिच्या मनासारखं करायचं, तर तिचा नियम पाळा. अक्काचा एक डाव उरलाय." हर्षाली मागं सरली नाही. "तिच्याशी सगळ्यात जास्त कोण भांडलं, तुमीच सांगा."

पडवीतली सगळी माणसं अण्णांकडं पाहू लागली. कुणाला सांगायची गरजच नव्हती. विधी करणाऱ्या स्वामींनीही हातातलं काम थांबवलं. अण्णांनी बहिणीची बोटं हळूच उलगडली आणि मला घेतलं. उभ्या आयुष्यात या माणसानं मला टाकलं नव्हतं. हर्षालीनं त्यांना दगडी दाराची गोष्ट सांगितली. अण्णांनी मला फरशीवर सोडलं, ती तिनंच कधीकाळी साबणाच्या चुऱ्यानं घासलेली फरशी होती.

बारा दाखवायचा मी जिवाचं रान करून प्रयत्न केला, मित्रांनो. त्या पोटातल्या गाठीनं घात केला. एक पडला.

"एक म्हंजी?" अण्णांनी विचारलं.

"अडचण. पुढं काय झालं, ते तुमी सांगायचं."

अण्णांना गोष्टी येत नव्हत्या. ते भिंतीला टेकून बसलेल्या बहिणीकडं वळले आणि म्हणाले, "दार उघडलं न्हाय. पर ती माघारी फिरायची न्हाय. मला ठाव हाय ना ती. तिनं तितंच बैठक मारली. म्हणाली, तू उघडूस्तवर म्या हलत न्हाय."

एवढं बोलून ते ढसाढसा रडले. हर्षालीही रडली. मग अण्णांनी डोळे पुसले, मला उचललं आणि विचारलं, "आता कुणाचा डाव?"

"माझा," हर्षाली म्हणाली. मी तिच्या खिशात गेलो. अक्का तशीच बसलेली, लोकांच्या खांद्यावरून शेताकडं गेली.

आता कुणी म्हणतं, या फाशाला काचेच्या पेटीत ठेवा, खाली अक्काचं नाव लिहा. खबरदार. कपाटात कोंडून घेणं काय असतं, ते मी भोगलं आहे. ज्यांची आठवण ठेवायची असेल, त्यांची वस्तू वापरून झिजवा. माझ्या कडा गेल्या, आकडे पुसले, तरी चालेल. आकडे पुन्हा कोरता येतात. दर रविवारी अण्णांच्या दुकानामागं सतरंजी पसरते, आणि अण्णा सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. ते दार अजून उघडलेलं नाही. अक्का तिथंच बैठक मारून बसली आहे. तुमचा डाव आला की मला जपून टाकू नका, जोरात टाका.