दिवस आधी वाचणारा

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. उमरग्याच्या एका दवाखान्यातल्या संगणकात चालणाऱ्या प्रोग्रामचा मी एक जुना, चार ओळींचा तुकडा आहे. अशा तुकड्याला फंक्शन म्हणतात.

मला राजेश्वरीताईंनी लिहिलं. तारीख वाचायचं काम संगणकाला मुळातच येत होतं, पण तो महिना आधी धरायचा आणि आपण तर दिवस आधी लिहितो. म्हणून ताईंनी त्या मूळ कामाला माझं वेष्टण घातलं. नाव ठेवलं 'दिवस_आधी_वाच'. नाव वाचलं की काम कळावं, हा त्यांचा हट्ट. पुढच्या इंजेक्शनचे मेसेज माझ्याच भरवशावर जायचे.

ताई हैदराबादला गेल्या आणि त्यांच्या जागी रणधीर आला. हुशार, पण घाईचा. "संगणकाला जे येतंच, त्यावर हे पांघरूण कशाला?" म्हणत त्यानं माझ्या प्रत्येक ओळीपुढं एक खूण केली. अशी ओळ माणसाला दिसते, संगणक मात्र ती ओलांडून जातो. मी जागेवरच होतो, पण मुका.

मार्चच्या पाच तारखेला मेंढपाळ लिंबाजी आले. पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं होतं. नर्स दैवशालाबाईंनी सुई टोचली, ०५/०३ अशी तारीख भरली आणि म्हणाल्या, "मामा, मेसेज आला की लगेच या."

संगणकानं ती तारीख तीन मे अशी वाचली; म्हणजे पुढच्या सुईचा मेसेज थेट मे महिन्यात जाणार होता. माझ्या डोळ्यांदेखत. मला हूं की चूं करता आलं नाही.

लिंबाजी मेंढरांमागं रानात राहिले. आठवडा उलटल्यावर त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, त्यांना ओढतच आणलं.

"इतके दिवस कुठं होता, मामा?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"मेसेजच न्हाय आला, बाई. रोज बघत हुतो."

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं.

"आता भ्यायाचं कारण न्हाय न्हवं?" धुरपताबाई म्हणाल्या.

"उशीर झालाय. उरलेल्या सुया चुकवू नका," डॉक्टर एवढंच बोलले.

रणधीरनं चूक शोधली, खाली मान घालून माझ्यापुढच्या खुणा पुसल्या. मी पुन्हा कामाला लागलो. लिंबाजींच्या सगळ्या सुया झाल्या. ते अजून धडधाकट आहेत. पण कुत्रं चावून होणारा रोग महिन्यांनीही उठतो आणि मग माणसाला पाणी गिळवत नाही, असं कुणीतरी धुरपताबाईंना सांगितलेलं. शेवटच्या सुईला त्या दैवशालाबाईंना हळूच म्हणाल्या, "रोज सकाळी पाण्याचा तांब्या म्याच फुडं करते. त्यांनी घोट गिळला, की मग चूल पेटवते."

मित्रांनो, दुसऱ्यानं लिहिलेलं पुसण्याआधी निदान त्याचं नाव तरी वाचा. नाही उमजलं तर लिहिणाऱ्याला विचारा. धुरपताबाई उद्या सकाळीही तांब्या भरतील. ते मला थांबवता येत नाही. मी फक्त तारीख वाचतो.