चिंगीचा दोर

गेली वीस-बावीस वर्षं मी नऊ वर्षांचा मुलगा आहे. पगारी. कार्टूनमधला कप्तान ठेंगू, ज्याची टोपी कानांवर घसरते आणि ज्याला पोहता येत नसूनही जो बोट हाकतो, त्याचा आवाज माझा. हे कुणाला सांगितलं की ते आधी माझ्या पिकल्या केसांकडे बघतात आणि मग हसतात. आमच्या धंद्यात यात काही नवल नाही. खऱ्या मुलाचा आवाज घ्यावा तर तो दोन-तीन वर्षांत फुटतो, आणि कालचा चिमुकला कप्तान आज घोगऱ्या आवाजात हुकूम सोडायला लागतो. बाईच्या आवाजाला ही भानगड नाही. तेव्हा तुमच्या मुलांनी पडद्यावर बघितलेली बरीचशी शूर पोरं खरं तर बायका आहेत, आणि त्यातल्या काही माझ्यासारख्या गुडघे धरून जिना चढणाऱ्या आहेत. फक्त हे बाहेर फारसं बोलायचं नाही अशी पद्धत आहे. मुलांचा हिरमोड होतो म्हणे.

आमच्या घरच्या मुलीचा हिरमोड झाला, पण तो भलत्याच कारणाने. आमच्या नातीला सगळे मोठ्याबाई म्हणतात, कारण सात वर्षांची असली तरी ती बोलते मुख्याध्यापिकेसारखी. मुलगा आणि सून कामावरून येईपर्यंत ती माझ्या ताब्यात असते, किंवा मी तिच्या. जाड पुठ्ठ्याची टोपी घालून ती रोज संध्याकाळी खाली अंगणात जायची आणि कप्तान ठेंगू व्हायची. बाकीची पोरं खलाशी. तिचं कुणी कधी अडवलं नव्हतं. आजी रेकॉर्डिंगला जाते एवढंच तिला ठाऊक होतं. तिचा लाडका ठेंगू बिघडायला नको म्हणून आम्ही पुढचं सांगितलं नव्हतं.

मग ठेंगूच्या नव्या सिनेमाची जाहिरात आली. त्यात ठेंगूला एक बहीण निघाली, चिंगी. केसांना मोठी फीत आणि पापण्या झाडूएवढ्या. त्या अर्ध्या मिनिटात चिंगी पाय घसरून पडली, खेकडा बघून किंचाळली आणि दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली, दादा, वाचव. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या पोरांनी अगदी न्यायाने निकाल दिला की आता मुलगी आली आहे, तर मुलीने मुलगी व्हावं. मोठ्याबाई एक संध्याकाळभर चिंगी झाल्या. म्हणजे झोपाळ्यावर बसून, वाचवा म्हणत राहिल्या. घरी आल्यावर तिने खुर्ची ओढली, टोपी कपाटावर टाकली आणि खाली जाणंच बंद केलं.

रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही. खिडकीशी चित्रं रंगवत बसायची आणि खालून हाका आल्या की खडू जास्त जोरात दाबायची. ते मला बघवेना. शेवटी मी सांगून टाकलं की ठेंगू म्हणजे मी आहे, एक बाई, तेव्हा तू खुशाल ठेंगू हो. पुरावा म्हणून त्याची चार वाक्यं त्याच्या आवाजात म्हणूनही दाखवली. तिने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "छान करतेस. पण थोडं आजीसारखं येतं."

इतक्या वर्षांच्या नोकरीवर असं पाणी कुणी फिरवलं नव्हतं. मी ठरवलं, हिला स्टुडिओतच न्यायचं. डोळ्यांनी बघू दे.

इथे एक सांगायला हवं. चिंगीसुद्धा मलाच मिळाली होती. ठेंगूच्या आवाजाशी तिचा आवाज भावंडांसारखा जुळावा, असं दिग्दर्शकाचं म्हणणं होतं. इतकी वर्षं मुलगे केल्यावर पहिल्यांदा एक मुलगी हाती आली म्हणून मला भलता आनंद झाला होता. मग तिचे संवाद हातात आले. ते एका पानात मावत होते आणि त्यातलं निम्मं पान ई आणि अगंबाई होतं. तरी मी आशा सोडली नव्हती, कारण शेवटी एक प्रसंग होता ज्यात चिंगी एकटी काहीतरी करते. त्या प्रसंगावर माझा जीव होता.

मोठ्याबाईंना घेऊन गेले तो दिवस ठेंगूच्या कामाचा ठरला होता. पोहोचले तर बेत बदललेला. चित्रं काढणाऱ्यांकडून ठेंगूचे प्रसंग आलेच नव्हते, म्हणून आज फक्त चिंगी, आणि तेही तिचे बिनशब्दांचे आवाज. पडणं, दचकणं, हसणं, ओझं उचलणं, हे सगळं आम्ही शेवटी एका दमात घेतो. पडद्यावर चित्र चालू असतं, दिग्दर्शक काचेपलीकडून सांगत जातो आणि आपण माईकसमोर आवाज काढत जायचं. नातीला ठेंगू दाखवायला आणलं आणि आता तिच्यासमोर किंचाळायचं होतं. परत फिरावं असं वाटलं. पण खोली माझ्यासाठी अडवून ठेवली होती, आणि कामावरून परत जाणं माझ्याच्याने झालेलं नाही.

रेकॉर्डिंग करणारा मुलगा मोजकंच बोलतो. त्याने मोठ्याबाईंना आपल्या शेजारच्या फिरत्या खुर्चीत बसवलं आणि हनुवटीपर्यंत येणारा हेडफोन दिला. दिग्दर्शक माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा, मला मावशी म्हणतो, पाणी विचारल्याशिवाय काम सुरू करत नाही. त्याने सुरुवात केली. पाय घसरतो. मी ई केलं. खेकडा दिसतो. मी लांब ई केलं. दादा आला. मी खुदकन हसले. हे मला उत्तम येतं, पंचाईत तीच आहे. दिग्दर्शक खूश होता. काचेतून बघितलं तर मोठ्याबाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली होती. तिची पाठ दिसत होती आणि हेडफोन. मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली, पण हातातलं काम चालू ठेवलं.

मग तो प्रसंग आला. बोटीचा दोर खडकात अडकला आहे, ठेंगू खाली कोंडला गेला आहे, आणि चिंगी एकटी दोर ओढते. ज्या कुणी ते चित्र काढलं होतं त्याने जीव ओतला होता. चिंगीने दोन्ही पाय कठड्याला टेकवले आहेत, डोळे मिटले आहेत, ओठ घट्ट बंद आणि कान लालभडक. असल्या वेळी मी नुसता आवाज काढत नाही. एक जुनी चादर पिळून खिडकीखालच्या लोखंडी नळीला बांधलेली असते, ती मी खरोखर ओढते. ठेंगूचे सगळे नांगर आणि सगळी शिडं मी त्या चादरीवर ओढली आहेत. चित्र सुरू झालं, मी पाय रोवले, चादर धरली आणि ओढली. बंद ओठांमागून पोटातला आवाज आला, वाढत गेला, आणि दोर सुटला तेव्हा नाकातून फुस्स झालं.

दिग्दर्शकाने थांबवलं. म्हणाला, मावशी, हा ठेंगू झाला. खरं होतं. इतक्या वर्षांची सवय, हातात चादर आली की तो मुलगा आपोआप येतो. मी चूक कबूल करणार, तेवढ्यात काचेपलीकडे हालचाल दिसली. मोठ्याबाई खुर्चीवर गुडघे टेकून उभ्या होत्या. हेडफोन एका कानावर लोंबत होता. आत बोलायचं बटण तिने कधी हेरलं होतं देव जाणे.

"आजी," ती हळू आवाजात म्हणाली, "तूच ठेंगू आहेस."

बोलण्याची नक्कल कुणालाही जमते, हे तिने नंतर मला समजावलं, जणू मी या धंद्यात कालच आले होते. पण दोर सुटल्यावरचं ते फुस्स कुणी करत नाही, कारण ते कुणाच्या लक्षातच राहत नाही. तिच्या लक्षात होतं. अंगणात ती ते रोज करायची. मी माईकपासून बाजूला होऊन पाणी प्यायले.

दिग्दर्शकाला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, आता तेच जरा नाजूक करू, ती मुलगी आहे ना. मी म्हटलं, तिचं तोंड बंद आहे. बंद तोंडातून नाजूक किंकाळी कुठून निघणार. त्याने पडद्याकडे नीट बघितलं, विचार केला आणि म्हणाला, "तोंड उघडून घेऊ. नवीन काढायला सांगतो."

माझं डोकं फिरलं, पण आवाज चढला नाही. आवाज जपायची सवय. तो माणूस वाईट नाही. त्याने अदबीने सांगितलं की वरच्या लोकांना मुलगा मुलासारखा आणि मुलगी मुलीसारखी हवी असते, लहान मुलांचा गोंधळ व्हायला नको, आणि त्याची स्वतःची नोकरीही या सिनेमावर टिकून आहे. एक तसा देऊन ठेवा मावशी, नुसता हाताशी असावा म्हणून. हाताशी ठेवलेलाच आवाज सिनेमात जातो, हे मला पक्कं माहीत आहे. काचेपलीकडे मोठ्याबाई अजून गुडघ्यांवर उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"ती दोर ओढतेय की नाही?" मी विचारलं.

"ओढतेय."

"मग माझ्याकडे ओढण्याचा एवढा एकच आवाज आहे. घसरण्याचे दिले, खेकड्याचे दिले, हसण्याचे दिले. ओढण्याचा दुसरा मी देणार नाही."

त्याने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला की अशाने चिंगीसाठी दुसरं कुणीतरी बोलवावं लागेल. ती धमकी नव्हती, त्याने आहे ते सांगितलं. मी म्हटलं, बोलव. बावीस वर्षांनी एक मुलगी मिळाली होती. खिडकीखालची चादर सोडून मी पिशवीत कोंबली, का ते मलाही कळलं नाही, आणि नातीचा हात धरून बाहेर पडले.

रस्त्यात पहिल्या सिग्नलला तिने माझा हात ओढला. मग विचारलं, चिंगी पण तूच होतीस का. मी म्हटलं, दुपारपर्यंत होते. आणि ते ई ई कोण करत होतं. तेही मीच. तिने जरा विचार करून सांगितलं की ते चांगलं नव्हतं. मी म्हटलं, माहीत आहे.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. चिंगी एका तरुण मुलीला मिळाली. मी तिला ओळखते, गुणी आवाज आहे. काही आठवड्यांनी दिग्दर्शकाचा फोन आला, तोही दबक्या आवाजात. तोंड उघडून घ्यायला चित्रवाल्यांना वेळ मिळाला नव्हता. बंद ओठांवर ती किंकाळी बसवून बघितली तर चिंगीच्या मागे लपून दुसरंच कुणी ओरडतंय असं वाटायला लागलं. म्हणून दोराच्या जागी माझाच आवाज राहिला आहे. बाकी सगळी चिंगी त्या मुलीची, आणि दोर तेवढा माझा. सिनेमात माझं नाव फक्त ठेंगूपुढे येणार. मी म्हटलं, चालेल. खरंच चाललं.

पण त्या आधीचं, स्टुडिओतून आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी पिशवी रिकामी करायला घेतली तर चादर जागेवर नाही. कपाटावर बघितलं, टोपी होती तिथेच होती. मोठ्याबाईंना हाक मारली, उत्तर नाही. गॅलरीत जाऊन खाली डोकावले. अंगणाच्या फाटकाला माझी चादर पिळून बांधली होती, आणि दुसरं टोक धरून, पाय रोवून, बोडक्या डोक्याने आमची नात ती ओढत होती. डोळे मिटलेले, ओठ बंद. पोरं भोवती उभी होती. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मुलाला हे नियमात बसेना. त्याने विचारलं, तू नक्की कोण आहेस, ठेंगू की चिंगी.

तिने आधी हातातलं काम पुरं केलं. दोर सुटला. नाकातून फुस्स झालं.

"मी आजी आहे," ती म्हणाली.