मायबाप वेगळे निघाले

लग्न झालं की पोरं वेगळी निघतात, हे मी वर्ध्याच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला जन्मभर शिकवलं. एकत्र कुटुंब, विभक्त कुटुंब, परीक्षेच्या तोंडावर लोकसंख्या. पण पोराचं लग्न जमावं म्हणून मायबापच वेगळे निघाले, असं कोणत्याही पुस्तकात नव्हतं. ते आंजीला, माझ्या शेजारच्या घरात पाहायला मिळालं.

शेजारी म्हणजे लक्ष्मणराव आणि नलूबाई. मुलगी काजल लग्न होऊन पिपरी मेघेला गेलेली. मुलगा गोपाल, वय चौतीस. ओलिताचं शेत, व्यसन सुपारीचंही नाही, तरी पोरगी मिळेना. अशी पोरं आमच्या गावात ढिगानं आहेत. संध्याकाळी पारावर बसून एकमेकांच्या टकलांवर विनोद करतात. ती जन्मली तेव्हा लोकांना मुली नको होत्या, आणि ज्या झाल्या त्यांना आता शेतकरी नको. यात कोणावर रागवायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून मी सगळ्यांवरच रागावतो.

गोपालची मागची सोयरीक एका प्रश्नावर मोडली होती. मुलीच्या आईनं विचारलं होतं, "सासू-सासरे सोबतच राह्यतात काय?" चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या नलूबाईंनी ते ऐकलं आणि मनात पक्कं धरलं. मग रोहण्याच्या मोहिनीचं स्थळ आलं. मुलगी वर्ध्याला नर्स, वडील नाहीत, घरी फक्त आई. नलूबाईंनी फर्मान काढलं.

"पाहुणे येण्याच्या आधी आपण काजलकडे जाऊ. त्याइले सांगाचं, मायबाप तिकडंच राह्यतात."

"लेकीच्या घरी?" लक्ष्मणराव उखडले. "ज्या घरचं मी पाणी पेत नाई, तिथं बिस्तर टाकू?"

"तुमाले सून पाह्यजे का मान पाह्यजे?"

नलूबाईंनी स्वतःची लुगडी, बीपीच्या गोळ्या, नवऱ्याची काठी, दोरीवरचं धोतर, सगळं गाठोड्यात बांधलं आणि दोघं ऑटोत बसून गेली. गोपालला हे मुळीच पसंत नव्हतं, पण मायपुढे तोंड उघडायची त्याला सवय नव्हती. घरात वडीलधारं माणूस तर दिसायला हवं, म्हणून मला उसनं घेतलं.

मोहिनी, तिची आई आणि मामा असे तिघे आले. पोहे गोपालनंच केले होते, आणि बरे केले होते. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बायका आत जाऊन स्वयंपाकघर पाहून आल्या. मोहिनी परत येऊन समोर बसली आणि तिनं सरळच विचारलं.

"आईबाबा कुठं आहेत तुमचे?"

"पिपरीले. बहिणीकडं राह्यतात."

"कायमचे?"

गोपालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"हो," तो म्हणाला.

"काऊन?"

"लहान कुटुंब बरं असते ना." हे वाक्य नलूबाईंचं होतं, पोरानं ते शाळेतल्या कवितेसारखं म्हणून टाकलं.

मोहिनीची आई खाली पाहत पदराचं टोक गुंडाळत बसली. मोहिनीनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मायले मी एकटीच आहो," ती म्हणाली. "लग्नानंतर माय माह्यासोबत राह्यली तर चालन का, हे विचाराले मी आज आलती. आता विचारत नाई. ज्याले सोताचे मायबाप जड झाले, तो माह्या मायले काय ठेवीन?"

गोपाल ताडकन उठला. "नाई हो, तसं नाई! ते आज सकाळीच गेले. तुमच्यासाठीच गेले."

"मघा कायमचे होते, आता आजचे झाले," मामा हसला. मी सांगायला लागलो की पोरगा खरं बोलतोय, तर म्हणाला, "सर, मघा तुमीच मान हलवून राह्यले होते." माणूस खरं बोलला की मला जास्त राग येतो.

ते गेले. पोरगी लाख मोलाची होती आणि हातची गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी नलूबाईंचा फोन आला. गोपालनं तो स्पीकरवर टाकला.

"काय म्हणे ते लोक?"

"नाई म्हणे."

"काऊन?"

"घर लहान वाटलं त्याइले," तो म्हणाला.

"पाह्य, मी म्हणत नोती? आमचा पलंग राह्यला ना तिथं! त्यानंच खोली भरून गेली असन. उद्या तो बी इकडं पाठवून दे."

"माय, तू घरी ये."

"येईन नं. सून आली का येईन."

फोन ठेवला तेव्हा मागून लक्ष्मणरावांचा खोकला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाल पलंगाचे नटबोल्ट सोडवत बसला होता. मला राहवलं नाही. "अरे, खरं काय झालं ते सांग ना मायला. आजच्या आज परत येईल."

"तिच्या जाण्यानंच मोडलं, हे समजलं तर तिले घास जाईन काय, अण्णाजी?" तो म्हणाला, आणि मला पलंगाची दुसरी बाजू धरायला सांगितली.