उजेड लागलेली बीअर

पहिला घोट घेऊन शरच्चंद्रने ग्लास खाली ठेवला आणि तो फुटाणे चघळत बसला. शामसुंदरने स्वतः चाखून पाहिलं. रानमांजरासारखा उग्र दर्प थेट नाकात गेला. घरी केलेल्या बीअरची ही दुसरी खेपही वाया गेली होती.

दोघांनी उभी नोकरी पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर एकत्र काढली. भट्टीच्या धगीत उभं राहून शामसुंदर म्हणायचा, रिटायर झालो की स्वतःच्या हाताची बीअर तुला पाजीन. आता शरच्चंद्र कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टर दहामधलं शेजारचं क्वार्टर सोडून महिन्याभराने कायमचा नागपूरला, मुलाकडे जाणार होता.

"राहू दे ना बे," घरी जायला उठताना तो म्हणाला. "तू केली, मले पोचली."

ते समजूत घालणं शामसुंदरला शिवीपेक्षा झोंबलं. त्याने काय कमी केलं होतं? मोड आणून वाळवलेलं जव शिजवलं, कडवटपणासाठी हॉप्सची वाळकी फुलं घातली, भांडी उकळत्या पाण्याने धुतली. पांढऱ्या काचेच्या बाटल्या गॅलरीत ओळीने मांडल्या. ऊन आलं की त्या सोन्यासारख्या झळकत आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवी.

सकाळी तो एकेक बाटली मोरीत रिकामी करत होता, तेव्हा त्याची बायको शीला आणखी एक घेऊन आली. बाटल्या भरल्या त्याच दिवशी भजनाच्या बायका आल्या होत्या, तेव्हा लाजेखातर तिने ती टेबलावरून उचलून तांदळाच्या कोठीमागे दडवली होती आणि मग विसरून गेली होती. ओतता ओतता शामसुंदर थबकला. वास घेतला, घोट घेतला. स्वच्छ, कडवट, मागे जवाची हलकी गोडी.

"शीला, ही कुठं होती?"

"कोठीमागं, अंधारात. कावून?"

तो मोरीच्या कठड्यावरच बसला. माल एकच, बाटल्या एकाच वेळी भरलेल्या. फरक फक्त उजेडाचा. बंगळुरूला बीअरच्या कारखान्यात असलेल्या मुलाला, हर्षलला त्याने फोन लावला, तेव्हा त्यानेही तेच सांगितलं. उजेडाने हॉप्सचा कडवटपणाच नासतो. पांढरी काच उजेड अडवत नाही, हिरवीही फारशी नाही; तपकिरी बरीच अडवते.

तिसरी खेप शरच्चंद्र निघायच्या आत तयार व्हायला हवी होती. शामसुंदरने जवळच्या जुनवानी गावातल्या भंगारवाल्याकडून तपकिरी बाटल्या निवडून आणल्या. शीलाने आपणहून पेटीचा दिवाण रिकामा केला, भरलेल्या बाटल्या त्यात ठेवल्या आणि वर गोधड्या पसरल्या. मग मात्र झाकण कोणी उघडायचं नाही, अशी तिने ताकीदच दिली. तो येता-जाता दिवाणावर हात ठेवायचा आणि परत फिरायचा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शरच्चंद्र आला, जरा भीतभीतच. एक घोट घेतला. डोळे मिटले. मग एका दमात ग्लास रिकामा करून त्याने पुढे केला.

"टाक अजून," तो म्हणाला. "भट्टीपुढं तू बोले, तवा मले वाटे, हा फेकून राहिला."

शामसुंदरला हसू आवरेना. हसता हसताच त्याने ग्लास पुन्हा भरला. जन्मात थेंब न घेतलेल्या शीलानेही वाटीभर मागून घेतली आणि तोंड वाकडं करत संपवली.

सकाळी गाडी दारात लागली. शरच्चंद्रने भरलेली सुटकेस पुन्हा उघडली. निवृत्तीच्या निरोप समारंभासाठी शिवलेला कोट त्याने बाहेर काढून बाजूला ठेवला, आणि त्या जागी दोन तपकिरी बाटल्या धोतरात गुंडाळून अलगद निजवल्या.