गुडघे टेकायच्या बाकाचा सूड

मित्रांनो, मी एक बुटका, जुना बाक आहे. माझ्यावर कोणी बसत नाही, गुडघे टेकतात. एका सुताराने मला चर्चसाठी घडवलं आणि त्याच्या बायकोने वर जाड, निळी गादी शिवली. आपल्या चुका फादरांना सांगून देवाची क्षमा मागायची, याला पापनिवेदन म्हणतात. पहिल्यांदा पापनिवेदन करणारी मुलं आधी वर्गात माझ्यावर सराव करतात. "किती मऊ आहे!" म्हणत पूर्वी मुलं मला थोपटायची.

मग आला दादा. वर्गातल्या मुंगी नावाच्या मुलीचा मोठा भाऊ. मागच्या वर्षी गोवर निघाल्यामुळे त्याचं पापनिवेदन राहून गेलं, म्हणून यंदा तो धाकट्या बहिणीच्या वर्गात. त्याचा राग त्याने माझ्यावर काढला. शेजारी मांडी घालून तो कर्कटकाने माझी गादी टोकरायचा, कापूस उपसायचा. मी सगळं मनात ठेवत होतो.

मुंगीचाही त्याच्यावर दात होता. त्याने तिच्या पोपटाचा पिंजरा उघडला आणि घरी सांगितलं, "मुंगीनेच दार उघडं टाकलं." पोपट गेला तो गेलाच, वर बोलणी तिने खाल्ली.

सरावाच्या शेवटच्या दिवशी टीचरनी तिला विचारलं, "सांग बघू, तुझं पाप काय?"

"माझा दादा."

वर्ग खिदळला.

"अगं, दादा हे पाप नसतं."

"तुम्ही एक दिवस राहून बघा त्याच्यासोबत!"

टीचरनी हसू दाबलं. "फादरांना स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याच्या चहाड्या नाहीत. तू काय केलंस?"

"त्याच्या बुटात शाई ओतली."

"मग आता वाईट वाटतं ना?"

"नाही. शाई कमी पडली."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

टीचर तिच्याजवळ खाली बसल्या. "वाईट वाटल्याशिवाय क्षमा कशी मागशील गं उद्या?"

"मग मी येतच नाही उद्या."

"ये. वाईट वाटत नाही, एवढंच सांग फादरांना. तेही खरंच आहे की."

बुटातली शाई कोणाची, हे दादाला तेव्हा कळलं. सगळे गेल्यावर त्याने चिडून कर्कटक असं खुपसलं, की गादी टरकन फाटली आणि आतला खिळा वर आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, ये बाळा उद्या, टेक गुडघा.

दुसऱ्या दिवशी मला वर्गातून उचलून चर्चमध्ये फादरांसमोर ठेवलं. पहिली पाळी त्याचीच. त्याने गुडघा टेकला. "आई गं!" माझा जीव थंड झाला. पण तो उठला नाही. काय बोलला ते मी ऐकलं, पण सांगणार नाही. ते बोलणं आमच्याकडे कुलूपबंद असतं.

बाहेर जाऊन तो मुंगीला म्हणाला, "आत खिळा आलाय. डावीकडे टेक."

"म्हणजे खिळा डावीकडेच असणार," मुंगी म्हणाली. आत येऊन तिने हाताने चाचपलं. खिळा उजवीकडेच होता. पुढचा गुडघा तिचा असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती डावीकडे टेकली. मग बराच वेळ बोलली.

ती बाहेर गेली तेव्हा दार उघडंच होतं. दादा पायरीवर बसला होता, गुडघ्याला रुमाल गुंडाळून.

"पोपटाचं मी आज आईला सांगणार आहे," तो म्हणाला.

"मार पडेल."

"माहितीये."

मुंगीने जरा विचार केला. "मी येते सोबत."

"मला वाचवायला?"

"बघायला."

मग खाली वाकून तिने त्याचा सुटत आलेला रुमाल नीट बांधला. जरा जास्तच आवळून.

मित्रांनो, त्या दोघांचं ती दोघं बघून घेतील. माझं मात्र अजून मिटलेलं नाही. खिळा कोणीतरी ठोकून आत बसवला, गादी तशीच फाटकी आहे. माझी क्षमा हवी असेल, तर नुसतं "चुकलं" म्हणू नका, सुईदोरा घेऊन या. आणि दादाला निरोप द्या, टाके बारीक घाल म्हणावं.