बरणीतली गोगलगाय

नवरा गेल्यावर बाईजा माहेरी धसईला आली, ती एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात काचेची बरणी घेऊन. बरणीत स्पिरिट होतं आणि त्यात बोटभर लांबीची, शंख नसलेली समुद्री गोगलगाय.

नवरा, चंदर, मुंबईच्या एका कॉलेजात प्राण्यांचे नमुने सांभाळायचा. ओहोटीला तो हौसेनं बायकोलाही खडकांवर घेऊन गेला होता. गोगलगाय सापडली. ती बरणीत घालून त्यानं बाईजाच्या हातात दिली आणि आणखी एक मिळते का बघायला तो पुढे गेला. लाट आली. बाईजा बरणी धरून उभीच राहिली.

माहेरी ती सांगितलेलं काम करी. रडत मात्र नसे.

"ते मढं घरात नको गो, फेकून दे," आई सकुबाई म्हणे. बाईजा बरणी फेकत नसे आणि तिच्याकडे बघतही नसे.

भातं कापून झाली तेव्हा कॉलेजातले प्रोफेसर मुरबाडहून बैलगाडीनं आले. बरणी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"ही जात रत्नागिरीच्या दक्षिणेलाच मिळते असं आम्ही समजत होतो. मुंबईला ती पहिल्यांदा चंदरला मिळाली. पण स्पिरिटात रंग उडतो, बाई. जिवंत असताना ती कशी होती?"

"जांभळी. पिकल्या करवंदासारखी. कडेनं हळदीसारखी पिवळी रेघ. डोक्यावर दोन शिंगं, लाल. पाठीवर मागं फुलासारखा तुरा. बोट लावलं का आत ओढून घेई."

"आणि खालून?"

"खालून पांढरी."

तिचा आवाज कुठेच अडला नाही. प्रोफेसरांनी हात जोडले, बरणी फडक्यात गुंडाळली आणि ते गेले.

बाईजा ओटीवर उभी होती. मग म्हणाली, "आये, त्या दिशी त्यांच्या अंगात काय होतं?"

"अगो, तू होतीस ना बरोबर?"

"मला आठवत नाय. सदरा कुठला, टोपी होती का नव्हती, कायच नाय. गोगलगायीचं सगळं आठवतं."

सकुबाईनं तिला जवळ ओढलं. बाईजा तशीच ताठ उभी राहिली. थोड्या वेळानं सकुबाईनं ताटात भाकर आणि वालाचं कालवण वाढलं. बाईजानं ते सगळं खाल्लं, ताट घासून ठेवलं आणि सूप घेऊन ती खळ्यावर गेली.